दहावी ब, सगळे हजर

सातारा,
५ जानेवारी २०२६

प्रिय मित्र अल्लाबक्ष नदाफ यास,
आकाराम मदनेचा जय हिंद.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर तुला काही पाठवलं की ते एकाच खुणेवर अडकून बसतं. म्हणून वीस वर्षांनी पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. खिडकीवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, "कोर्टाचं हाय का?" मी म्हटलं, मित्राला पत्र लिहायचंय. त्यांनी चष्मा वर करून मला नीट बघून घेतलं.

मुद्द्यावर येतो. आपला 'दहावी ब, औंध' हा ग्रुप शेवटच्या घटका मोजतोय. मी ॲडमिन आहे, मला बघवत नाही. अकरा वर्षांपूर्वी मी एकेकाला शोधून सदतीस जण गोळा केले होते, तेव्हाचे दिवस आठव. पहाटे पहिलं 'शुभ सकाळ' कुणी टाकायचं यावरून पृथ्वीराज आणि इंद्रजित यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. ऋषिराजने नवी कवळी बसवली तर तिचे चारही बाजूंनी फोटो टाकले आणि आपण छत्तीस जणांनी त्यावर मतं दिली. तू लांबलचक लिहायचास, कुणाची जुनी उशी फोडली आणि आत कापसाबरोबर काय सापडलं ते. बयाबाई म्हणायची, अल्लाबक्षचं आलं की माझी भाकरी करपतीच.

मग फुलांचे फोटो सुरू झाले. मग कुठून तरी आलेलं पुढे ढकलणं. मग नुसते वाढदिवस आणि श्रद्धांजल्या. गेल्या महिन्यात एकूण नऊ संदेश आले, त्यातले चार माझे आणि एक कुणाच्या तरी नातीने चुकून दाबलेला. माझ्याकडून कसूर नाही. मी फौजेच्या सिग्नलमधला माणूस, आलेला संदेश बिनपोचीचा ठेवत नाही. रोज पहाटे उठून प्रत्येकाला अंगठ्याचं चित्र देतो.

तुला ग्रुपमधून जाऊन चार वर्षं होत आली. कारण कळलं नाही. माझा अंदाज, फोन तुझ्या गाद्यांच्या कारखान्यातल्या पिंजणयंत्रात गेला असावा. आमच्या गल्लीत सगळे माजी सैनिक, सगळे एकमेकांना तेच ते किस्से सांगतात. मनाचं लिहिणारा तू एकटाच होतास. तू परत यावास एवढ्यासाठी हे पत्र.

मेहरुनवहिनींना नमस्कार.

तुझा,
आकाराम


विटा,
१६ जानेवारी २०२६

आकाराम यास सलाम.

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमन दारातच उभा राहून म्हणाला, "चाचा, हातानं लिवल्यालं पत्र हाय. कोन वारलं का काय?" त्याला चहा पाजून घालवला.

फोन पिंजणयंत्रात गेलेला नाही. ठणठणीत आहे. माझी नात आयेशा त्यावर अभ्यास करते. ग्रुपात मात्र मी येणार नाही. कारण विचारू नकोस. मला सांगायला आवडणार नाही आणि तुला ऐकायला.

ग्रुपचं इतकं रडगाणं कशाला? नवी गादी घरात आली की माणूस आठ दिवस तिच्यावर लोळून बघतो, आल्या-गेल्याला बसवून दाखवतो. पुढे तिच्यावर नुसता झोपतो. तुमचा ग्रुप झोपलाय, झोपू दे. कृपा करून फौजेतलं काही सुरू करू नकोस. मी तुला ओळखतो म्हणून आधीच लिहून ठेवतो.

मेहरुन विचारते, तानुवहिनींचा गुडघा कसा आहे?

अल्लाबक्ष


सातारा,
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय अल्लाबक्ष,
जय हिंद.

तुझं पत्र पोचायच्या आधीच मी सुरू केलं होतं.

रोज दोघांची पहाऱ्याची पाळी लावली. पाळीवाल्याने सकाळी सहाच्या आत संदेश टाकायचा, बाकीच्यांनी आठच्या आत त्याला उत्तर द्यायचं. जमणार नसेल तर दोन दिवस आधी रजेचा अर्ज, कारणासहित. ऋषिराजने मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस मागितले. एकच डोळा आहे असं बघून मी दीड दिवस मंजूर केला. बयाबाई सलग सहा दिवस गैरहजर, म्हणून तिला कारणे दाखवा नोटीस दिली. तिचं उत्तर आलं, "आकाराम, जेवलास का?" ते मी फाइलला लावून ठेवलं आहे.

पहिले दहा दिवस कुणी ढुंकून बघितलं नाही. आणि मग एक फेब्रुवारीला चमत्कार झाला! पहाटे पाचच्या ठोक्याला पृथ्वीराज हजर. पाच वाजून एक मिनिटाने इंद्रजित. मग एकामागून एक सगळे. 'शुभ सकाळ', त्याला 'आपणासही', त्याला 'धन्यवाद', त्या धन्यवादाला 'आभारी आहे'. किती अदब रे! शाळेत हीच माणसं एकमेकांच्या डब्यात खडे टाकायची. परवा एका दिवसात चार हजार एकशे बारा संदेश आले. फोन इतका तापला की तानुबाईने तो माठावर नेऊन ठेवला. माझे डोळे भरून आले. ती म्हणाली, "आवं, फोन गार झाला की नीट हुईल, रडताय कशापायी?"

सगळ्यांना पोच देता देता अंगठा सुजला. डॉक्टरांनी मलम दिलंय. सध्या डाव्या हाताच्या करंगळीने काम भागवतो.

आता तरी ये. घर भरलंय, फक्त तुझी जागा रिकामी आहे.

आकाराम


विटा,
२२ फेब्रुवारी २०२६

आकाराम,

हे पत्र बसून वाच. पाणी जवळ ठेव.

काल दोन गाद्या पोचवायला पुसेसावळीला पृथ्वीराजकडे गेलो होतो. तो अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसला होता. मी म्हणालो, "आकाराम सांगत हुता, ग्रुपवर लय बोलतोस." तो हसायला लागला, हसता हसता त्याला ठसका लागला. मग मला आत घेऊन गेला. फळीवर एक जुना फोन चार्जिंगला लावलेला. एकटाच. दर थोड्या वेळाने उजळायचा, विझायचा.

"आकाराम लय जीव खातो रं," पृथ्वीराज म्हणाला. "आमच्या सूरजनं ह्येला शिकवून ठिवलंय. पाच वाजलं की ह्योच शुभ सकाळ म्हन्तो, कुनी काय बोल्लं की ह्योच आभार मानतो. मी खऱ्या बोलन्यासाठी दुसरा घेतलाय."

सूरज त्याचा मोठा मुलगा, पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे. इंद्रजितच्या धाकट्या मुलीचं लग्न एकतीस जानेवारीला झालं. तिथे मांडवात बसून सूरजने आणखी पंचवीस जणांचे फोन असेच शिकवून दिले. जेवणाच्या रांगेपेक्षा त्याच्यापुढची रांग मोठी होती म्हणे. तुझ्या चमत्काराची तारीख जुळवून बघ.

रोजा असल्यामुळे चहा नव्हता, म्हणून मी तासभर त्या फोनपुढेच बसलो. माझ्यादेखत इंद्रजितच्या फोनने पृथ्वीराजच्या फोनला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. त्याने इंद्रजितला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. मग दोघांनी एकमेकांचे आभार मानले. पृथ्वीराजची बायको म्हणाली, "ह्येंच्यापरीस फोन बरा, शब्दाला शब्द तरी देतो."

तुझ्या अंगठ्याला लवकर आराम पडो.

अल्लाबक्ष


सातारा,
५ मार्च २०२६

प्रिय अल्लाबक्ष,

तू चेष्टा करतोयस असं मला वाटलं. पण सिग्नलमधला माणूस खात्री करून घेतो. मंगळवारी सकाळी सहाला मी ग्रुपवर लिहिलं, "मित्रांनो, अजिंक्यतारा किल्ला मी विकत घेतला आहे. सोमवारी राहायला जातोय."

इंद्रजितने लिहिलं, शुभ सकाळ. ऋषिराजने लिहिलं, देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो. नऊ जणांनी अभिनंदन केलं आणि चौदा जणांनी त्या अभिनंदनाबद्दल आभार मानले. पृथ्वीराज म्हणाला, आपणासही. अख्खा किल्ला गेला तरी सव्वीस जणांत एकाची भुवई हलली नाही. मी फोन उपडा ठेवून दिला.

दुपारी साडेबाराला एक संदेश आला. बयाबाईचा. "वर नळाला पाणी येतं का?"

अल्लाबक्ष, ही ओळ मी तानुबाईला अकरा वेळा वाचून दाखवली. माणूस सापडला! लगेच फोन लावला. बयाबाई म्हणाली, "मला खरंच वाटलं रं. तू फौजंतला, दिला असंल सरकारनं." एक तास बोललो. तिच्याकडे चार दिवसांआड पाणी येतं, सुनेने तिला वेगळी घागर दिली आहे, तिची गाय लंगडते. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मी लिवायची की ग्रुपवर. तूच अंगठा द्यायचास."

मग मी तुझा विषय काढला. ती म्हणाली, "त्यो का गेला, तुला खरंच ठावं न्हाई?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग त्यालाच इचार," आणि फोन ठेवला.

तू विचारू नको म्हणाला होतास. तरी विचारतो. ॲडमिन म्हणून नाही, एका बाकावर बसणारा म्हणून. का गेलास?

आकाराम


विटा,
१४ मार्च २०२६

आकाराम,

रोजे चालू आहेत, खोटं लिहिता येत नाही. म्हणून खरं लिहितो.

२०२२ चा मे महिना. लग्नसराई होती, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रात्री जेवून फोन बघितला. इंद्रजितने कुठून तरी आलेला एक मजकूर पुढे ढकलला होता. आमच्या लोकांकडून काही घेऊ नका, त्यांना उभं करून घेऊ नका, ते मालात काय काय मिसळतात, असं होतं. खाली धंद्यांची नावं होती. फळवाला, बांगडीवाला, आणि तिसरा गादीवाला.

इंद्रजितच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या गाद्या मीच भरल्या होत्या. तुझ्या घरातल्याही सगळ्या माझ्याच. पण मला इंद्रजितचं एवढं वाईट वाटलं नाही, तो शाळेतही कुणी सांगेल ते करायचा. खाली अंगठे होते. मी मोजले, कारण दुसरं काय करावं सुचत नव्हतं. अकरा होते. त्यात तुझा होता.

मेहरुन म्हणाली, "आकारामभावजींनी वाचलंच नसंल." मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, तो सिग्नलमध्ये होता, न वाचता कसा राहील? लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, मी तिच्यावर असा कधी ओरडलो नव्हतो.

मी वाट बघितली आणि बाहेर पडलो. तुझा नंबरही बंद करून टाकला. त्या दिवसात गादी शिवताना सुई चारदा बोटात गेली. तुझी आठवण आली की अजून राग येतो, आणि तुझी आठवण रोज येते. झालं समाधान?

अल्लाबक्ष


सातारा,
१० एप्रिल २०२६

प्रिय अल्लाबक्ष,

उत्तराला उशीर झाला, कारण मी वाचत होतो. तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारी ग्रुपच्या पहिल्या संदेशापासून सुरुवात केली आणि परवा संपवलं. शेवटचा सगळा गठ्ठा यंत्रांचा होता, तोही वाचला. न जाणो, मध्ये कुणी माणूस बोललेला असायचा.

पहिली तीन वर्षं मी वाचलेली आहेत, ते आठवतं. त्यानंतरचं मी काहीही वाचलेलं नाही. फुलं बघून कंटाळलो आणि नुसती पोच देत गेलो. ऋषिराजने एकदा लिहिलं होतं की मुलगा घरात असून बोलत नाही, भिंतीशी बोलावंसं वाटतं. खाली माझा अंगठा. बयाबाईने विचारलं होतं, साताऱ्यात डोळ्यांचा डॉक्टर कोण चांगला? खाली माझा अंगठा. तिचं एव्हाना दुसरीकडेच ऑपरेशन झालं.

मग तो मे महिना आला. इंद्रजितचा मजकूर. माझा अंगठा.

त्याखाली जे होतं ते तू पत्रात लिहिलं नाहीस. तू रात्री विचारलं होतंस, "आकाराम, वरचं तू वाचलंस का?" त्याखाली दुसऱ्या दिवशी पहाटे माझा अंगठा. आणि त्याखाली, अल्लाबक्ष बाहेर पडले.

मी पृथ्वीराजच्या फोनला हसलो. सूरजने तो आत्ता कुठे शिकवला. मी आठ वर्षं तसाच आहे, कुणी न शिकवता. मला तुझ्यापुढे फार लाज वाटते आहे. वहिनींपुढे त्याहून जास्त.

इंद्रजितच्या घरी जाऊन आलो. तो म्हणाला, "मी पाटवलं व्हय? कवा? आलं आन् फुडं ढकललं आसंल गड्या. वाचतंय कोन?" ज्या गादीवर मांडी घालून तो हे बोलला ती तू भरलेली होती. मी फोन त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, आता वाच, मोठ्यानं वाच. तो वाचायला लागला आणि तिसऱ्या नावाशी थांबला. म्हणाला, "चष्मा न्हाई जवळ." चष्मा त्याच्या नाकावर होता.

घरी येऊन मी झालेलं सगळं ग्रुपवर लिहिलं, तुझं नाव घेऊन. सगळ्यांसमोर चुकलो होतो, म्हणून सगळ्यांसमोर. चौदा जणांनी मला शुभ सकाळ म्हटलं, बारा जणांनी अभिनंदन केलं. बयाबाईने मात्र लिहिलं, "मी तवा वाचलं हुतं आन् गप बसले. त्येला माझं बी सांग." ते सांगितलं.

मला माफ कर, असं लिहितो. तू केलंच पाहिजेस असं नाही.

आकाराम


विटा,
२१ एप्रिल २०२६

आकाराम यास,

पत्र मिळालं. मेहरुनला वाचून दाखवलं. "मी म्हणलं न्हवतं?" एवढंच म्हणाली आणि चार वर्षांचा खटला जिंकल्यासारखी आत गेली. जेवताना मला तीनदा ऐकवलं. बाकी दिवसभर खूश होती.

माझा राग गेलेला नाही. वाचून अंगठा दिला असतास तर तुझ्या दारात येऊन भांडलो असतो. न वाचता दिलास, तर आता मी भांडू कुणाशी? हे मला चार दिवस समजत नव्हतं, म्हणून उत्तर लांबलं. बयाबाईचंही वाचलं. तिच्यावर मी एक दिवस रागावलो आणि सोडून दिलं. तिने निदान वाचलं होतं, आणि कबूल केलं.

इंद्रजित येऊन गेला. अर्धा तास बसला, उन्हाळ्यावर बोलला, शिरखुर्मा उरला नाही म्हणून हळहळला आणि दोन उशा घेऊन गेला. माफीचा शब्द काही त्याच्या तोंडून फुटला नाही. दारातून मात्र दोनदा परत फिरला.

इकडचं बरं चाललं आहे. लग्नसराईमुळे हाताला उसंत नाही. कारखान्याचे पत्रे बदलले. आयेशाची परीक्षा संपली, आता ती रोज सकाळी मैत्रिणींबरोबर समुद्रावर पोहायला जाते. गेल्या महिन्यात विट्याला समुद्र आला, एसटी स्टँडच्या मागे. भरतीच्या वेळी कापूस ओला होतो, म्हणून पिंजणयंत्र माळ्यावर चढवलं. मेहरुनचं पित्त उन्हाने वाढलंय, कोकम घेते.

ग्रुपात मी येणार नाही, तो विषय संपला. तू ये, असं लिहावंसं वाटतंय. पण आधी माझी खात्री व्हायला हवी. हे पत्र तू नीट वाचलंस का, ते मला तुझ्या उत्तरावरून कळेल. कसं, ते सांगत नाही.

अल्लाबक्ष


सातारा,
२७ एप्रिल २०२६

अल्लाबक्ष,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुझं भांडण राहून गेलंय, ते समोर बसून भांड. मी उलट बोलणार नाही.

विट्याला समुद्र नाही. शनिवारी सकाळच्या एसटीने येतोय.

आकाराम